पट्टीकाकांचा पार्सलथांबा

सोसायटीच्या सभेत माणसानं तोंड उघडू नये, हे पट्टीकाकांना अकरा वर्षं चांगलं कळत होतं. अकरा वर्षं ते मागच्या रांगेत कोपऱ्यातली खुर्ची धरून बसायचे, चहा प्यायचे, सगळ्यांचे हात वर गेले की आपलाही वर करायचे आणि घरी यायचे. हात कशासाठी वर केला होता हे त्यांना बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी काकूंकडून कळायचं. पण त्या रविवारी काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, ते उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "मी नकाशा करून देतो."

विषय पार्सलांचा होता. चोवीस घरांची सोसायटी, पण दुकानात जाऊन काही आणणारं एकही घर शिल्लक राहिलं नव्हतं. मोज्यांपासून गादीपर्यंत सगळं फोनवर मागवायचं आणि मागवलेलं विसरून जायचं. चमचा मागवला तरी तो टीव्ही मावेल एवढ्या खोक्यात बसून येणार. त्यात रस्ता अरुंद, आणि फाटकासमोर तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांची गाडी कायमची उभी. पार्सलची गाडी रस्त्यात थांबली की मागून भोंगे, आणि नाक्यावरून वाहतूक पोलीस पावतीपुस्तक घेऊन हजर. मग पार्सलवाल्यांनी एक युक्ती शोधली होती. गाडी चालूच ठेवायची, सगळा ढीग उचलून वॉचमनच्या केबिनमध्ये लोटायचा आणि पळायचं. ही केबिन एक माणूस आणि एक वही एवढ्यासाठी बांधलेली. तिच्यात पार्सलं शिरली तसा वॉचमन बाहेर आला, आणि पुढं वहीसुद्धा बाहेर आली.

त्या आठवड्यात तर कहर झाला होता. पहिल्या मजल्यावरचे आजोबा जिन्याच्या तोंडाशी ठेवलेल्या कोणाच्या तरी व्यायामाच्या वजनांना अडखळले. आजोबा वाचले, काठी मोडली. मुलानं नवी काठी ऑनलाइन मागवली. ती वेळेवर आलीही, पण त्या ढिगाऱ्यात पाच दिवस सापडली नाही, आणि आजोबा पाच दिवस छत्री टेकत फिरले. सभेत एकानं तावातावानं ठराव मांडला की बाहेरून काही मागवायलाच बंदी करा. तेवढ्यात त्याचाच फोन वाजला आणि पलीकडून कोणीतरी स्वच्छ आवाजात म्हणालं, "साहेब, पार्सल खाली ठेवलंय." त्यानंतर सभेत जी शांतता पसरली, तिच्यात पट्टीकाका बोलून गेले.

पट्टीकाका हे काही त्यांचं नाव नव्हे. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी सहा इंची पट्टी असायची, म्हणून पट्टीकाका. पालिकेच्या नगररचना कार्यालयात त्यांनी चौतीस वर्षं आरेखक म्हणून काम केलं. आरेखक म्हणजे साहेबांच्या डोक्यात जे असतं ते कागदावर आणणारा माणूस, आणि साहेबांच्या डोक्यात काहीच नसेल तर तेही कागदावर आणणारा. त्यांनी बागेचा नकाशा केला, तिथं गाड्यांचा तळ झाला. पुलाचा केला, तो पूल दुसऱ्याच नदीवर गेला. एका वाचनालयावर त्यांनी वर्षभर जीव ओतला, ते मंजूर होऊन, उद्घाटन होऊन, शेवटी बांधायचंच राहिलं. चौतीस वर्षांत एवढ्या मोठ्या शहरात त्यांच्या हातचं एक कुंपणसुद्धा उभं राहिलं नाही. लोक सहज म्हणतात, हे घर आमच्या वडिलांनी बांधलं, ही भिंत मी रंगवली. पट्टीकाकांना बोट दाखवायला शहरात काही नव्हतं. हसण्यावारी न्यायचे ते, पण त्यांना ते खुपायचं, आणि खुपतं हे फक्त काकूंना ठाऊक होतं.

"पार्सलच्या गाड्यांना एवढा थांबा झाला ना," ते घरी आल्यावर म्हणाले, "की बास. मग मला काही नको."

"होईल हो," काकू म्हणाल्या. "पण जपून. लोकांच्या पार्सलात हात घालायचा म्हणजे लोकांच्या संसारात हात घालायचा."

हे वाक्य त्यांनी तेव्हाच लिहून ठेवायला हवं होतं. पण आरेखक पडले, वाक्यं लिहायची सवय नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते टेप आणि वही घेऊन केबिनशेजारी स्टूल टाकून बसले. नकाशा म्हटला की आधी मोजणी. पंधरा दिवस त्यांनी येणारं प्रत्येक पार्सल लांबी, रुंदी, उंची असं मोजून टिपलं. लोकांना वाटलं, काका मोजतात म्हणजे आत काय आहे ते काकांना कळतं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई त्यांना पाहून पार्सल पदराखाली घेऊन जायला लागल्या. काकांनी मात्र ते कधीच टिपलं होतं, बावीस बाय चौदा बाय नऊ.

मग सल्ले सुरू झाले. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी हळूच येऊन म्हणाल्या, "काका, माझ्यासाठी एक कप्पा जरा कोपऱ्यात ठेवा ना. ह्यांच्या नजरेला पडणार नाही असा." तासाभरानं त्यांचे हे आले. "काका, घरच्या नावाचा कप्पा आहे तो असू दे. मला एक वेगळा द्या, नाव न लिहिता." काकांनी दोघांनाही दिला. जिन्याखाली जागाच एवढीशी होती की दोन्ही बिननावाचे कप्पे शेजारीशेजारी आले. दातांच्या डॉक्टरांचा सल्ला तर फार मोलाचा होता. "कल्पना उत्तम आहे," ते म्हणाले, "फक्त शेजारच्या सोसायटीसमोर करा." नंतर काकांच्या लक्षात आलं की थांबा हवा असं सगळ्यांचंच मत आहे, आणि तो दुसऱ्यासमोर हवा असंही सगळ्यांचंच मत आहे. चौतीस वर्षं नोकरी झालेली असल्यामुळं त्यांना याचं नवल वाटलं नाही.

नकाशा मात्र बघत राहावा असा झाला. फाटकासमोर रस्त्याच्या कडेला अठरा फूट बाय आठ फुटांची पिवळ्या पट्ट्यांची जागा, तिथं पार्सलच्या गाडीनं दहा मिनिटं थांबायचं. तिथून सरळ आत आलं की जिन्याखाली चोवीस कप्प्यांचं कपाट, अधिक बिननावाचे दोन. सेक्रेटरीबाई पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी चष्मा वर करून नकाशा तपासला, चूक सापडली नाही म्हणून जरा खट्टू झाल्या, आणि निर्णय दिला, "रस्ता पालिकेचा आहे. आधी पालिकेची परवानगी आणा, मग कपाटाचं बघू."

काका हरखले. पालिका म्हणजे त्यांचं माहेरच की. इस्त्रीचा शर्ट घालून, वेळेच्या अर्धा तास आधी ते आपल्या जुन्या कार्यालयात पोचले. वाटलं होतं, जिन्यातच कोणीतरी भेटेल, अरे तुम्ही, या या, म्हणेल. जिन्यात एक मशीन भेटलं. त्यानं एकशे बारा नंबरची चिठ्ठी दिली. दोन तासांनी खिडकीपाशी नंबर लागला, तर तिथला कारकून मान वर न करता म्हणाला, "अर्ज ऑनलाइन."

"मी इथंच होतो," काका म्हणाले. "चौतीस वर्षं."

"मग तुम्हाला माहीतच असेल," कारकून म्हणाला. "पुढचा नंबर."

अर्ज ऑनलाइन गेला. तीन आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर आलं, 'सदर जागी झाड असल्याने अर्ज नामंजूर.'

काका पत्र घेऊन तसेच खाली गेले. फाटकासमोर दातांच्या डॉक्टरांची गाडी होती. गाडीखाली वाकून पाहिलं, डांबर होतं. उगाच एकदा वरही पाहिलं. झाड नव्हतं. वॉचमनला विचारलं, "इथं झाड दिसतं का रे तुला?" वॉचमननं काकांकडं बघितलं, मग जागेकडं बघितलं, आणि काळजीच्या सुरात म्हणाला, "काका, ऊन फार आहे. घरी जा."

दुसऱ्या दिवशी पुन्हा चिठ्ठी, पुन्हा खिडकी. कारकुनानं या वेळी संगणकाचा पडदा फिरवून दाखवला. रस्त्याचा जुना नकाशा होता, हातानं केलेला. फाटकासमोर छान गोल, नागमोडी कडेचं एक झाड होतं, एका अंगाला बारीकशी सावलीही होती. आणि उजव्या कोपऱ्यात आरेखकाच्या नावाची दोन अक्षरं होती. ती दोन अक्षरं पट्टीकाकांची होती.

आता हे जरा समजून घेतलं पाहिजे. आरेखकाच्या धंद्यात एक जुनी खोड आहे. नकाशा पुरा झाला आणि कुठं मोकळी जागा राहिली की ती डोळ्याला टोचते. साहेबालाही टोचते. साहेब म्हणतो, "इथं जरा ओकंबोकं वाटतंय." मग आरेखक तिथं झाड घालतो. झाड असलं की नकाशा गोजिरवाणा दिसतो आणि सही लवकर होते. प्रत्येक आरेखकाची झाडाची धाटणी वेगळी असायची. कोणाचं झाड फुलकोबीसारखं, कोणाचं चांदणीसारखं. पट्टीकाकांच्या झाडाला मोजून तेरा पाकळ्या असायच्या. त्यांनी शहरभर अशी शेकडो झाडं पेरली होती आणि त्यातलं एकही मातीत नव्हतं. कार्यालयात हे सगळ्यांना माहीत होतं. पण ज्यांना माहीत होतं ते सगळे निवृत्त झाले, आणि नकाशे संगणकात गेले. संगणकाला बिचाऱ्याला काय ठाऊक? त्यानं झाड दिसलं तिथं झाड मोजलं.

"हे झाड खरं नाही," काका म्हणाले.

"कशावरून?"

"मीच घातलंय ते. नकाशात."

"म्हणजे सरकारी नकाशात तुम्ही खोटी नोंद केली?" कारकुनानं विचारलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, कुठल्या चौकटीत खूण करायची एवढंच त्याला हवं होतं.

"खोटी नाही हो. शोभेची."

"शोभेची असा रकाना नाही इथं. झाड आहे किंवा नाही. आणि नसेल तर वृक्ष विभाग, तिसरा मजला."

तिसऱ्या मजल्यावर झाड छाटायचा अर्ज होता, पाडायचा होता, हलवायचा होता, पडलं तर कळवायचाही होता. मुळात नव्हतंच, याचा अर्ज नव्हता. शेवटी काकांनी साध्या कागदावर लिहून दिलं, 'सदर जागी झाड नाही, कधीही नव्हते,' आणि खाली सही केली. याच कागदानं त्यांचा घात केला.

आठवड्यानं वृक्षनिरीक्षक पाहणीला आला. चेहऱ्यानंच दुःखी माणूस होता. झाडांवर त्याचा खरा जीव होता आणि अशा माणसाला पालिकेनं झाडं तोडल्याचे पंचनामे करायला ठेवलं होतं. तो फाटकासमोर बराच वेळ डांबराकडं बघत उभा राहिला. मग म्हणाला, "नोंदीत झाड आहे. जागेवर झाड नाही. तुम्ही स्वतः लिहून दिलंय की झाड नाही. मग झाड गेलं कुठं?"

काकांनी सगळं सांगितलं, साहेब, मोकळी जागा, तेरा पाकळ्या. निरीक्षकानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि वॉचमनकडं वळला. वॉचमन म्हणाला, "मी आल्यापासून तरी झाड नाही."

"कधी आलात?"

"सहा वर्षं झाली."

"म्हणजे त्याच्या आधी तोडलं," असं म्हणत निरीक्षकानं लिहून घेतलं.

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचे आजोबा नवी काठी टेकत आले. त्यांना कोणी काही विचारलंही नव्हतं. "होतं की झाड," आजोबा म्हणाले. "केवढं होतं. संध्याकाळी मी त्याच्याच सावलीत बसायचो." सोसायटी बांधून झाल्यावर आजोबा इथं राहायला आले, आणि तेव्हाही तिथं डांबरच होतं. पण आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि एका माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं की बाकीच्यांनाही आठवायला लागतं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना त्यावरचे पक्षी आठवले. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "काहीतरी हिरवं होतं खरं." नव्हतं असं ठामपणे सांगणाऱ्या एकट्या काकू, आणि निरीक्षक नम्रपणे म्हणाला की बायकोची साक्ष धरत नाहीत.

पंधरा दिवसांनी नोटीस आली, ती सोसायटीच्या नावावर नव्हे, काकांच्या. रस्त्यावरचे जुने झाड विनापरवाना तोडून पुरावा नष्ट केल्याबद्दल, त्याच जागी नवे झाड लावण्यात यावे, भोवती दगडी कठडा करावा, आठ फुटांत कोणतेही वाहन उभे राहू नये, आणि तीन वर्षे त्याची देखभाल सदर इसमाने स्वतः करावी. काकांना सगळ्यात जास्त लागलं ते 'सदर इसम' हे. चौतीस वर्षं ज्या कार्यालयात काढली त्यानं त्यांना इसम म्हणावं?

सोसायटीतही वारं फिरलं. थांबा राहिला बाजूला, पट्टीकाकांनी झाड तोडलं एवढंच सगळीकडं झालं. लिफ्टमध्ये काका शिरले की बोलणं थांबायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या चार वर्षांच्या मुलीनं तर आईचा हात धरून त्यांना विचारलं, "काका, झाडाला दुखलं का?" काका घरी आले आणि पट्टी खिशातून काढून टेबलावर ठेवून नुसते बसून राहिले. त्यांना खरोखर रडू येत होतं.

"अहो," काकू शेजारी बसून म्हणाल्या, "चौतीस वर्षांत खोटं म्हणून काय केलंत, तर एक झाड. लोक काय काय करतात."

"एक नाही गं," काका म्हणाले. "शेकड्यानं आहेत."

"ते कोणाला सांगू नका," काकू लगेच म्हणाल्या.

काकांनी हार मात्र मानली नाही. त्याच दिवशी त्यांनी वरच्या साहेबांकडं अपील केलं, त्याचं उत्तर नाही म्हणून दुसरं, मग तिसरं. पण नोटिशीची मुदत अपिलासाठी थांबत नाही. झाड आलं. आणि ते कसं आलं, तर पार्सलनं. वृक्ष विभागही रोपं ऑनलाइनच मागवत होता. सात फूट लांब, निमुळतं खोकं, वर मोठा बाण आणि 'ही बाजू वर' असं लिहिलेलं. ते घेऊन आलेल्या पार्सलताईंनी बाण खाली करून ते केबिनच्या ढिगाऱ्यात रोवलं, कारण पाठीमागं भोंगे वाजत होते आणि बाण बघायला वेळ नव्हता. या ताई रोजच्याच. चाळिशीच्या, दणकट, पिवळं जाकीट घातलेल्या, दिवसाला दीडशे पार्सलं टाकणाऱ्या. काकांनी खोकं सरळ केलं, सही केली. आयुष्यात त्यांच्या नावावर आलेलं हे पहिलंच पार्सल.

लावायच्या दिवशी दातांच्या डॉक्टरांना गाडी हलवावी लागली. ती इतकी वर्षं हललीच नव्हती की चालू होईना. सहा जणांनी ढकलली, त्यात काकाही होते. निरीक्षक नकाशाची प्रत घेऊन आला होता, सोबत खड्डा खणायला दोन माणसं. त्यांच्यातल्या एकानं अंदाजानं खुंटी ठोकली आणि पहार उचलली. काका लांब उभे राहून बघत होते, आपला यात काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं. पण त्यांना राहवेना.

"चुकतंय," ते पुढं येऊन म्हणाले. "फाटकाच्या खांबापासून नऊ फूट, कडेच्या दगडापासून चार."

निरीक्षकानं प्रतीवर मोजून पाहिलं. बरोबर नऊ आणि चार. काकांनी स्वतः टेप धरून खुंटी चार इंच सरकवली, पुन्हा मोजलं, आणि मगच पहार पडू दिली. निरीक्षक त्यांच्याकडं बघत राहिला. पुढं त्यानं अहवालात लिहिलं म्हणे, की गुन्हेगार पश्चात्तापदग्ध असून कामात अत्यंत चोख आहे.

रोप म्हणजे अंगठ्याएवढ्या जाडीची काडी आणि वर अकरा पानं. भोवती गुडघ्याएवढा दगडी कठडा झाला, पाटी लागली, 'संरक्षित वृक्ष. आठ फुटांत वाहन उभे केल्यास कारवाई.' काका रोज सकाळी बादली घेऊन खाली उतरायला लागले. पहिले काही दिवस ते पाणी घालताना झाडाशी एक अक्षर बोलले नाहीत. उलट त्याच्याकडं पाठ करून घालायचे. मग एकदा पान पिवळं पडलं, तेव्हा त्यांना दिवसभर जेवण गोड लागेना. तिथून पुढं ते वाकून पानं मोजायला लागले, आणि बारावं पान फुटलं तेव्हा वर येऊन काकूंना सांगितलंही.

आता खरी गंमत ऐका. डॉक्टरांची गाडी कारवाईच्या भीतीनं मागच्या गल्लीत गेली ती गेलीच. पाटी बघून दुसरंही कोणी तिथं गाडी लावेना. त्यामुळं फाटकासमोर, झाडाच्या अलीकडं, रस्त्याची चांगली प्रशस्त जागा मोकळी झाली. एका सकाळी पार्सलताईंची गाडी त्या जागेत शिरून थांबली. मागून भोंगा वाजला नाही, कारण रस्ता अडलाच नव्हता. पोलीस लांबून बघत होता, पण ताई खाली उतरून कठड्यावर पार्सलं लावत होत्या, इंजिन चालू होतं, आणि याला उभी गाडी म्हणावं की नाही हे त्याचं त्याला ठरवता येईना. ताईंनी मजल्यावार पार्सलं मांडली, वर तोंड करून एक शिट्टी घातली आणि खणखणीत आवाजात ओरडल्या, "दुसरा मजला, दोन. चौथा मजला, तीन." पाच मिनिटांत माणसं खाली येऊन आपापलं घेऊन गेली. पार्सल लोटून पळण्याची गरजच उरली नाही.

महिन्याभरात बाकीच्या पार्सलवाल्यांनीही तेच धरलं. केबिन रिकामी झाली. वॉचमन आत जाऊन बसला आणि पहिल्या दिवशी नुसते पाय लांब करून बघत होता. माणसं पार्सल घ्यायला एकदम खाली यायला लागली तशी कठड्यापाशी चार शब्द बोलायला लागली. चौथ्या मजल्यावरचे नवराबायको एकदा नेमके एकाच वेळी उतरले, दोघांच्या हातात आपापलं चोरटं खोकं, आणि तिथंच दोघांना हसू फुटलं. आजोबा कठड्यावर बसून सांगायला लागले की जुन्या झाडाची सावली याहून मोठी होती. दातांचे डॉक्टर भेटेल त्याला म्हणायचे, "मी पहिल्यापासून सांगत होतो, कल्पना उत्तम आहे." काकांवरचा राग कधी ओसरला ते कोणालाच कळलं नाही. काकांनाही नाही. तेव्हा ते पानं मोजत होते.

सात महिन्यांनी सेक्रेटरीबाई हातात लखोटा घेऊन वर आल्या. चेहरा निकाल वाचून दाखवतानाचा. "काका, अभिनंदन. तुमची अकरा अपिलं होती म्हणे. मंजूर झाली."

काकांनी पत्र वाचलं. जुनी हवाई छायाचित्रं तपासण्यात आली असून सदर जागी झाड कधीही नव्हते हे मान्य करण्यात येत आहे. नोटीस रद्द. पार्सलथांब्यास मंजुरी. चुकीने लावलेले रोप विभागामार्फत काढून नेण्यात येईल, त्यासाठी जागा मोकळी असल्याचे अर्जदाराने लिहून द्यावे. मागं त्यांचा नकाशा जोडला होता, अठरा बाय आठ, आणि त्यावर लाल शिक्का होता, 'नकाशाप्रमाणे मंजूर.' असले शिक्के काकांनी शेकड्यानं पाहिले होते, पण ते नेहमी साहेबांच्या नावावर. या शिक्क्याखाली त्यांचं स्वतःचं नाव होतं. त्यांनी शिक्क्यावरून बोट फिरवलं.

"इथं सही करा," सेक्रेटरीबाईंनी पेन पुढं केलं. "उद्या माणसं येतील, परवा पिवळे पट्टे. तुमचा थांबा झालाच म्हणून समजा."

"उद्या देतो," काका म्हणाले आणि पत्र घेऊन खाली उतरले.

पार्सलताई कठड्यावर खोकी लावत होत्या. काका शेजारी उभे राहिले. मग पत्रातलं सगळं त्यांना सांगितलं.

"बरं झालं की, काका. तुमच्यावरचा डाग पुसला," ताई म्हणाल्या. "पट्टे मारल्यावर काय होणार पण?"

"अधिकृत थांबा. गाडीला दहा मिनिटं."

"आणि अकराव्या मिनिटाला?"

"दंड," काका म्हणाले. नियम त्यांनीच लिहिला होता.

ताईंनी उरलेलं खोकं ठेवलं आणि कपाळ पुसलं. "आत्ता कोणी घड्याळ बघत नाही. झाड आहे म्हटल्यावर पोलीससुद्धा काही म्हणत नाही. पण तुमचं काम आहे, तुम्ही बघा."

काका झाडाकडं बघत राहिले. काडी आता कमरेच्या वर गेली होती. तेविसावं पान अजून पुरतं उलगडलं नव्हतं.

वर येऊन त्यांनी कोरा कागद घेतला. दोन ओळी लिहायला अर्धा तास लागला. काकू स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि खांद्यावरून वाचायला लागल्या. 'महोदय, सदर जागा मोकळी नाही. सदर जागी झाड आहे. खात्री करायची असल्यास मूळ नकाशा पाहावा, तो बरोबर आहे.' खाली सही होती, आणि सहीखाली लिहिलं होतं, आरेखक.

"अहो," काकू म्हणाल्या, "शिक्का मिळाला होता. तुमच्या नावाचा."

"हो."

"आणि हे आता खोटं तर नाही ना? पुन्हा कोणी पंचनामा करायला येईल."

"खरं आहे," काका म्हणाले. "जाऊन बघ हवं तर."

"जायला कशाला पाहिजे," काकू म्हणाल्या आणि गॅलरीचं दार उघडलं. "इथनं दिसतंय की."